त्रिरश्मी ते पांडवलेणी : एका डोंगराची दोन हजार वर्षे

नाशिक शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा आहे. त्याच्या कुशीत एका ओळीत चोवीस लेणी कोरलेली आहेत. सामान्य नाशिककर त्यांना 'पांडवलेणी' म्हणतो. आपले बौद्ध बांधव त्यांना 'त्रिरश्मी लेणी' म्हणतात. लेण्यांतील शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आले आहे आणि त्रिरश्मी हे त्याचेच संस्कृत रूप होय. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले की आपण या लेण्यांपुढे येऊन पोहोचतो.

एकाच डोंगराला ही निरनिराळी नावे कशी पडली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते की, दगड तोच राहिला, पण त्याचा उपयोग करणारी माणसे पुनःपुन्हा बदलत गेली. भिक्षू आले, जैन साधक आले, भैरवाचे भक्त आले, गोऱ्या साहेबांचे संशोधक आले, सरकारी खात्याचे पहारेकरी आले आणि अखेरीस बुद्धवंदना म्हणणारा समाज पुन्हा पायऱ्या चढून वर आला. या येण्याजाण्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा हेतू आहे. तिच्यात केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. जुन्या वास्तूंवरून आपल्या देशात आज जे वाद उठतात, त्यांकडे कसे पाहावे याचे काही शिक्षणही तिच्यात आहे.

दान आणि दात्यांची नावे

येथील सर्वांत जुने लेणे एकोणिसाव्या क्रमांकाचे मानले जाते. सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, नाशिक येथील श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या एका महामात्राने ते करविले, असे तेथील लेख सांगतो. आजचा 'नाशिक' हा शब्द त्या लेखात जवळजवळ याच रूपात आढळतो.

लेणी कोरविण्याचा हेतू साधा होता. पावसाळ्याचे चार महिने भिक्षूंनी फिरू नये, एका ठिकाणी राहून वर्षावास करावा, असा नियम होता. त्यासाठी निवारा हवा, निजण्यास खोली हवी आणि पिण्यास पाणी हवे. म्हणून विहार कोरले, त्यांत लहान लहान खोल्या ठेवल्या आणि बाहेर पाण्याच्या टाक्या खोदल्या. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. एकत्र उपासनेसाठी अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह झाले. त्याच्या दर्शनी भागाचा खर्च एका संपूर्ण गावाने उचलला होता. धंबिक असे त्या गावाचे नाव कोरलेले आहे. लोकवर्गणीतून देऊळ वा चर्च उभारणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना ही रीत काही परकी वाटू नये.

दात्यांची यादी पाहू लागलो तर तिची विविधता पाहून आपण थक्क होतो. सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या एका 'योनकाने', म्हणजे यवनाने, आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ कोरविले. तो उत्तरेकडील दत्तामित्री येथला रहिवासी होता. त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव आणि पुत्राचे धर्मरक्षित असे दिले आहे. परदेशी वंशाच्या कुटुंबाने तीन पिढ्यांत येथली नावे धारण केली होती आणि येथल्या डोंगरात आपले दान ठेवले होते.

या सर्वांत मोठा दाता म्हणजे उषवदात. काही अभ्यासक त्याचे नाव ऋषभदत्त असे लिहितात. हा शक होता आणि क्षहरात कुळातील नहपान राजाचा जावई होता. दहावे लेणे त्याने कोरविले. त्याच्या पडवीतील लेख म्हणजे त्या काळच्या धर्मादायाची एक वहीच आहे. उषवदाताने ३ लक्ष गाई दान दिल्या, देवांना व ब्राह्मणांना १६ गावे दिली आणि तो वर्षाला १ लक्ष ब्राह्मणांना भोजन घालीत असे, असे त्यात नमूद आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, दाहनुका इत्यादी नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाता यावे म्हणून नावा ठेवल्या. शूर्पारक म्हणजे वसईजवळचे आपले सोपारे आणि दाहनुका म्हणजे डहाणूकडील नदी, हे उत्तर कोकणातील आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. नाशिकच्या डोंगरातील या लेखात त्यांची भूमी अठराशे वर्षांपूर्वीपासून नोंदलेली आहे.

हाच उषवदात ब्राह्मणांना भोजन घालतो आणि भिक्षूंसाठी लेणेही कोरवितो. यात त्याला स्वतःला काही विसंगती वाटलेली दिसत नाही. इतकेच नव्हे, तर त्याने आपले लेणे 'चातुर्दिश' भिक्षुसंघाला दिले, म्हणजे चारी दिशांकडून येणाऱ्या कोणाही भिक्षूसाठी ते खुले होते.

व्याजाचा हिशेब

उषवदाताचे दान केवळ भावनेचे नव्हते. ते हिशेबाचेही होते. त्याने संघासाठी ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले. ही रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली होती. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर महिना शेकडा १ असे व्याज ठरले आणि उरलेल्या १,००० वर महिना शेकडा पाऊण. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही आणि केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट होती. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' असे नाव होते. त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी १२ कार्षापण मिळावेत, असे लेखात म्हटले आहे. वाचकांनी गणित करून पाहावे. २,००० वर महिना शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ दिले की बरोबर २४० होतात. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. आपल्या धर्मग्रामाच्या फंडाचा हिशेब ठेवणाऱ्या विश्वस्तांनी या शकाला मनोमन नमस्कार करावा, इतका हा चोख व्यवहार आहे.

या ठेवींची परंपरा पुढेही चालू राहिली. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने गोवर्धनातील कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. त्यांत तेली होते आणि पाण्याची यंत्रे करणारेही होते. त्या पैशाचा विनियोग काय, तर त्रिरश्मी पर्वतावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे. लेणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खांब आणि मूर्ती येतात, पण एका बाईने ठेवलेला हा औषधाचा पैसाही त्या लेण्याचाच भाग होता.

नाणे पुसले, लेख राखला

आता आम्ही या कथेतील अशा एका प्रसंगाकडे येतो की, ज्याचा आम्हांस सर्वाधिक विचार करावासा वाटतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला आणि क्षहरातांचे राज्य संपविले. त्याची आई गौतमी बलश्री हिने पुढे नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिसरे लेणे भिक्षूंना अर्पण केले. तेथील प्रदीर्घ लेखात तिने आपल्या मुलाचा गौरव 'क्षहरात वंशाचा निर्मूलक' अशा शब्दांत केला आहे. वैर किती कडवे होते, हे यावरून कळते.

या वैराचा दुसरा पुरावा नाशिक जिल्ह्यातच मिळाला. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जित राजाचा चेहरा आणि वर जेत्याचे चिन्ह, अशी ती नाणी आहेत. राज्य बदलले हे प्रत्येक प्रजाजनाच्या तळहातावर पोहोचावे, हाच त्यामागील हेतू होता. या साठ्याचा पहिला सविस्तर अभ्यास रेव्हरंड स्कॉट या मिशनऱ्याने प्रसिद्ध केला, ही गोष्टही येथे नमूद करावीशी वाटते.

ज्याने शत्रूची हजारो नाणी हुडकून त्यांवर आपला ठसा मारला, त्याने त्रिरश्मीच्या डोंगरावरील त्याच शत्रूच्या जावयाचे लेख छिलून टाकले असतील, असे कोणालाही वाटेल. छिन्नी व हातोडा घेतलेले दोन पाथरवट हे काम दोन दिवसांत करू शकले असते. पण तसे घडले नाही. उषवदाताचे लेख आजही तेथे आहेत. उलट गौतमीपुत्राने आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा दिली की, पश्चिम काखडी गावातील जे २०० निवर्तने शेत आजवर उषभदताकडे होते, ते त्रिरश्मीवरील तपस्व्यांना द्यावे. हा उषभदत म्हणजे उषवदातच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे २४व्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली. या वेळी राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. ते गाव ओसाड पडले आहे, शेत कोणी कसत नाही, तेव्हा भिक्षूंची अडचण होऊ नये म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने त्यांना द्यावीत, असे तीत म्हटले आहे.

वाचकहो, या दोन कृतींतील अंतर पाहा. नाणे ही सत्तेची वस्तू, म्हणून जेत्याने तिच्यावर आपला शिक्का मारला. लेणे हे दिलेले दान, म्हणून त्याला त्याने हात लावला नाही. दात्याशी वैर होते, पण दानाशी नव्हते. दान कोणी दिले यापेक्षा ते कशासाठी दिले, हे त्याने अधिक महत्त्वाचे मानले आणि जो उद्देश होता तो पुढे चालविला. इतकेच काय, तिसरे लेणे कोरताना दहाव्या लेण्याचाच आराखडा त्याच्या कारागिरांपुढे होता, हे दोन्ही पडव्या पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

मूर्ती, तीर्थंकर आणि भैरव

पाचव्या-सहाव्या शतकात या लेण्यांचा उपयोग प्रथमच मुळापासून बदलला. बदलणारे बौद्धच होते. आरंभीच्या काळात येथे बुद्धाची मूर्ती नव्हती. स्तूप हेच पूजेचे चिन्ह होते. महायान पंथाचा प्रभाव वाढला तशी मूर्तिपूजा आली. राहण्यासाठी कोरलेल्या विहारांचे आता देवळांत रूपांतर झाले. विसाव्या लेण्याची मागील भिंत आणखी आत खोदून गाभारा करण्यात आला आणि त्यात बुद्धाची भव्य बैठी मूर्ती कोरली. दुसऱ्या व तेविसाव्या लेण्यांतही याच काळातील मूर्ती दिसतात. ज्या जागी भिक्षूने अंग टेकावे, त्या जागी आता उपासकाने हात जोडावेत, असा हा पालट होता.

सातव्या शतकानंतर भिक्षूंचा वावर ओसरत गेला. पुढे जैन साधकांनी या डोंगराचा आश्रय घेतला. अकराव्या लेण्यात ऋषभनाथ तीर्थंकरांची मूर्ती व अंबिकेची मूर्ती आहे. या खुणा अकराव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. शेजारच्याच दहाव्या लेण्यात, म्हणजे उषवदाताच्या विहारात, मागील भिंतीवर स्तूपाचे कोरीव शिल्प होते. पुढे कोणीतरी तोच स्तूप घडवून त्यातून भैरवाची आकृती काढली. स्तूपाचा दगड भैरवाच्या अंगात गेला, पण मूळ घडणीच्या खुणा पूर्णपणे लपल्या नाहीत.

ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही, तेव्हा शिलालेख मुके झाले. एवढे मोठे काम सामान्य माणसाच्या हातून झाले असेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. मग ते पांडवांनी वनवासात केले, असे लोक म्हणू लागले. महाराष्ट्रात आणि अन्यत्रही अनेक लेण्यांना पांडवांचे नाव याच रीतीने मिळाले आहे. भव्य बुद्धमूर्तींना कोणी धर्मराज म्हटले, कोणी भीम म्हटले आणि शेंदूर लावला. काही सुशिक्षित लोक या लोकश्रद्धेला अज्ञान म्हणून हसतात. आम्ही तसे करणार नाही. लेखाचा अर्थ हरवला तेव्हा लोकांनी आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या कथेचा आधार घेऊन त्या जागेचा मान राखला. पांडवांचे नाव लागले म्हणून त्या मूर्ती कोणी फोडल्या नाहीत, हेही आपण विसरू नये. पण त्याबरोबर हेही खरे की, विष्णुदत्तेचे औषध आणि इंद्राग्निदत्ताचे आईबाप या कथेत नाहीसे झाले.

मुके लेख बोलू लागले

१८२३ साली कॅप्टन डेलामेन हा इंग्रज अधिकारी येथे आला आणि त्याने लेण्यांचे वर्णन लिहिले. परंतु लेख वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि त्यानंतर नाशिकच्या भिंती पुन्हा बोलू लागल्या. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन स्टीव्हन्सन याने या लेखांची भाषांतरे केली. त्याचाच सहकारी जॉन विल्सन याने पश्चिम भारतातील लेण्यांची टिपणे गोळा केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी नाशिकच्या लेखांवरील आपला निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी पाठविला. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेले वाचन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये छापले गेले आणि पुढे एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने त्यांची शुद्ध आवृत्ती सिद्ध केली. प्रॉटेस्टंट मिशनरी, महाराष्ट्रीय पंडित, गुजराती शास्त्री आणि फ्रेंच प्राध्यापक अशा चौघांनी मिळून एका शकाची, एका यवनाची आणि एका सातवाहन मातेची वाणी आपल्याला परत मिळवून दिली.

पुढे लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आली. आता तेथे तिकीट काढून जावे लागते. पूजास्थान होते ते संरक्षित स्मारक झाले, हा आणखी एक पालट. तरी डोंगराने आपले सर्व काही दाखविले आहे, असे समजू नये. २०२१ साली पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत येथे आणखी तीन लहान लेणी उजेडात आली.

परत आलेले उपासक

या डोंगराच्या अलीकडच्या इतिहासाचा धागा नाशिकच्याच दुसऱ्या एका वास्तूशी जोडलेला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालविला. मंदिराचे दार उघडले नाही. १९३५ साली याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे घोषित केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली.

ज्यांना शहरातील मंदिरात प्रवेश मिळाला नाही, त्यांची मुलेबाळे त्यानंतर शहराबाहेरच्या या डोंगरावर बुद्धवंदनेसाठी येऊ लागली. हजार-बाराशे वर्षे खंड पडलेला उपयोग अशा रीतीने परत आला. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांच्या स्मारकालगत आता बुद्धस्मारक उभे आहे. श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षापासून आणलेले रोप २०२३ च्या ऑक्टोबरात तेथे लावण्यात आले. 'पांडवलेणी' हे नाव त्यांच्या कानाला का टोचते, हे आपण समजून घेतले पाहिजे. ज्याला एकदा दारातून परत पाठविले आहे, त्याला आपल्या घराच्या दारावरचे नाव बरोबर असावे, असे वाटणारच.

आपल्या घरातील उदाहरण

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आम्ही एकदा ही लेणी दाखविण्यास नेले असता एका मुलीने विचारले, "फादर, मग ही लेणी खरी कोणाची?" प्रश्न साधा होता, पण तो विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे तसाच आपल्याविषयी विचारण्याचा इतरांनाही आहे. म्हणून येथे आपल्या ख्रिस्ती इतिहासातील एका गुहेचा उल्लेख करणे प्राप्त आहे.

मुंबईत बोरिवलीजवळ मंडपेश्वर नावाचे शैव लेणे आहे. ते सहाव्या शतकाच्या सुमाराचे असून त्यात नटराजाचे सुंदर शिल्प आहे. सोळाव्या शतकात साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनी त्या गुहेचे चर्च केले. तेथे पवित्र मरियेच्या नावाने मिस्सा होऊ लागली. एका शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही भिंतीवर दिसतो. डोंगरमाथ्यावर फ्रान्सिस्कनांनी बांधलेल्या वास्तूचे भग्नावशेष आहेत. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि गुहेतील उपासना पुन्हा बदलली. आज ती संरक्षित स्मारक आहे, तेथे शिवाची पूजा होते आणि नजीकच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चचा धर्मग्राम आपले मूळ त्या गुहेतील चर्चमध्ये शोधतो. त्या गुहेच्या भिंतीवर नटराजही आहे आणि क्रूसही आहे. दोघांपैकी एकालाच पाहणारा त्या गुहेचा अर्धा इतिहास पाहतो.

पोप ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ मध्ये इंग्लंडकडे निघालेल्या मेलितुस या मठाधिपतीला पत्र लिहून कळविले होते की, तेथील मंदिरे पाडू नयेत. मूर्ती काढून ती ख्रिस्ती उपासनेस लावावीत. त्या काळाच्या मानाने हा सल्ला सौम्य होता. पण आज वाचताना आपल्याला त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. वास्तू वाचली, परंतु ज्यांची ती होती त्यांना कोणी विचारले नाही. आठ वर्षांनी, ६०९ साली, रोममधील पँथिऑन हे सर्व देवांचे प्राचीन मंदिर पोप चौथे बोनिफास यांनी पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांना समर्पित केले. त्यामुळेच ती भव्य वास्तू अखंड राहिली. तिच्या कपाळावर मार्कुस आग्रिप्पा याच्या नावाचा लेख आहे. गंमत अशी की, आजची वास्तू आग्रिप्पाची नव्हे. ती सम्राट हेड्रियन याने नव्याने बांधली, पण आपले नाव न घालता पहिल्या कर्त्याचेच नाव वर ठेवले. चौदाशे वर्षे तेथे ख्रिस्ती उपासना चालू आहे आणि तरी रोमी मूर्तिपूजकाचे ते नाव ख्रिस्तसभेनेही पुसले नाही. चित्रकार राफाएल यांची कबर त्याच छताखाली आहे.

याच्या उलट उदाहरणे जगात थोडी नाहीत. इस्तंबूलचे आया सोफिया हे ५३७ साली चर्च म्हणून पुरे झाले, १४५३ साली मशीद झाले, १९३५ साली वस्तुसंग्रहालय म्हणून उघडले आणि २०२० साली पुन्हा मशीद झाले. प्रत्येक पालटाच्या वेळी कोणाच्या तरी मनाला जखम झाली. उपयोग बदलणे हे जुन्या वास्तूंच्या नशिबीच असते. ते थांबविणे कोणाच्या हाती नाही. पुढचा धनी मागच्याचे लिहिलेले राखतो की पुसतो, एवढेच काय ते माणसाच्या हाती आहे.

राखणे म्हणजे काय

त्या मुलीला आम्ही जे उत्तर दिले, तेच येथे लिहितो. ही लेणी बौद्ध भिक्षुसंघासाठी कोरली गेली, हे भिंतींवरील अक्षरांनी सिद्ध आहे आणि त्यात आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी तेथे प्रार्थना केली, त्यांचीही स्मृती त्या दगडात आहे. मूळ हक्क मान्य करणे आणि नंतरच्यांची भक्ती नाकारू नये असे म्हणणे, ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडाने बोलता आली पाहिजेत. एक वाक्य बोलण्यासाठी दुसरे गिळावे लागते, असे जो सांगतो त्याला दगडाची काळजी नाही, भांडणाची आहे.

आपल्या कुटुंबांना याचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारील. आपल्या गावोगावी जुनी चर्चे अपुरी पडू लागली आहेत आणि त्यांच्या जागी मोठी नवी चर्चे उभी राहत आहेत. ते योग्यच आहे, कारण उपासकांना जागा हवी. परंतु जुने चर्च उतरविताना त्याची कोनशिला कोठे गेली, वेदीखालची जुनी समाधिशिळा कोणाच्या अंगणात पडली, वेशीवरच्या क्रूसाच्या चबुतऱ्यावरील साल व नाव सिमेंटखाली गेले काय, याची चौकशी किती जण करतात? नव्या फरशीवर नव्या देणगीदारांची नावे लावताना जुन्या देणगीदारांची पाटी आडगळीत टाकू नये. वाचता येत नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. ब्राह्मी लिपीही कित्येक शतके कोणाला वाचता येत नव्हती.

आणखी एक विनंती तरुण वाचकांना. लेण्यांत गेल्यावर भिंतीवर आपले नाव कोरण्याचा मोह काही जणांना होतो. कायद्याने हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, त्या भिंतीवर ज्यांची नावे आहेत, त्यांनी ती काहीतरी देऊन मग कोरविली. कोणी खोली दिली, कोणी पाण्याची टाकी, कोणी आजाऱ्यांसाठी औषध.

विसाव्या लेण्याच्या पडवीत यज्ञ सातकर्णी राजाच्या कारकिर्दीतील सातव्या वर्षाचा एक लेख आहे. बोपकी नावाच्या भिक्षूने हे लेणे कोरण्यास आरंभ केला होता. ते बरीच वर्षे अर्धवट पडून राहिले. पुढे महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले आणि चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. वासू ही सेनापतीची पत्नी होती. काम तिने पुरे केले होते आणि खर्च तिचा होता. लेखात केवळ आपले नाव घातले असते, तरी तिला कोणी जाब विचारला नसता. पण तिने आपल्या नावाबरोबर बोपकीचेही नाव कोरविले आणि त्याचे काम राहून गेले होते हे सांगितले. पुढे त्याच लेण्याची भिंत खोदून बुद्धमूर्ती झाली आणि त्या मूर्तीला नंतरच्या लोकांनी वेगळ्याच नावांनी हाक मारली. तरी पडवीतले बोपकीचे नाव अजून तेथे आहे, कारण अठराशे वर्षांपूर्वी एका बाईला ते पाथरवटाला सांगावेसे वाटले.